एक राखून

"नक्की किती, एक की दोन?"

काउंटरवरच्या मुलीनं हे इतक्या सहज विचारलं, की चहात साखर किती घालू असं विचारतेय असं वाटावं. उत्तर आलं नाही तेव्हा तिने संगणकावरची नजर उचलून समोरच्या नवराबायकोकडे पाहिलं, आणि आपण नको तिथे बोट घातलंय हे तिच्या लक्षात आलं. मग आवाज खाली आणत ती म्हणाली, "म्हणजे काय झालंय, काल तुमच्याकडून दोन फोन आले. दोन्ही मीच घेतले. मॅडम, तुम्ही म्हणालात की एकच बाहेर काढायचा, दुसरा तसाच ठेवायचा. आणि मग थोड्या वेळानं सरांचा फोन, की दोन्ही काढा. लॅबवाले केव्हाचे खोळंबलेत. मी त्यांना काय सांगू?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. काउंटरच्या काचेवर 'मोबाइल बंद ठेवा' अशी सूचना चिकटवलेली होती, ती दोघंही जन्मात पहिल्यांदा दिसल्यासारखी वाचत उभी राहिली. तिला आधी आली ती लाज. परक्या मुलीसमोर आपलं घर उघडं पडल्याची लाज. राग मागून आला, आणि तोही धड नाही, कारण चोराने चोराला कोणत्या तोंडाने पकडावं? कालचा सबंध दिवस त्यांनी एकमेकांशी अगदी जपून, गोड वागून काढला होता. त्यानं तिला इंजेक्शन दिलं होतं, दिल्यावर जागा चोळून दिली होती. ती म्हणाली होती, "उद्या डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवू." तो म्हणाला होता, "हो, हो. उद्याच ठरवू." आणि तोवर दोघांनीही आपापलं ठरवून, कळवून, हात झटकून टाकले होते. "दहा मिनिटं द्या," नवरा काउंटरकडे बघत म्हणाला. मुलगी म्हणाली, "घ्या ना सर. फक्त जरा लवकर."

ते कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. हा बाक त्यांचा होता. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत ते दुसरीकडे कुठे बसलेच नव्हते. बाकाच्या रेक्झिनला एका टोकाशी बारीकसं छिद्र होतं. पहिल्या वर्षी त्यात तिची करंगळीसुद्धा जात नव्हती. आता त्यातून आतला स्पंज चांगला मूठभर दिसत होता, आणि त्याला दुसरं तिसरं कुणी नाही, तीच जबाबदार होती. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, त्याचा आवाज कायम बंद. पडद्यावर एक बाई कायम काहीतरी चिरत असायची. खुर्च्यांवर फायली मांडीवर घेतलेल्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या नव्या कुठल्या आणि जुन्या कुठल्या हे तिला आता न विचारता कळायचं. नव्या ताठ बसत, दार उघडलं की मान वळवत, नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलून मध्येच हसत. जुन्या टेकून बसत. बूड नीट मागे सरकवून, पाठ खुर्चीला लावून, बसचा प्रवास लांबचा आहे हे माहीत असल्यासारख्या. तिने स्वतःची पाठ बाकाला लावली. पाण्याची बाटली निम्मी पोटात गेली होती. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ आत ठेवायच्या वेळी पोट पाण्यानं तट्ट भरलेलं लागतं, तरच त्यांना यंत्रावर आतलं नीट दिसतं. नव्या बायका घरूनच पिऊन येतात आणि मग कळवळत बसतात. तिचा हिशेब कधी चुकत नसे. आज मात्र तीही घरूनच पिऊन आली होती. का, ते तिचं तिला सांगता आलं नसतं.

आत कुठेतरी, ती कधी गेली नव्हती अशा खोलीत, एका टाकीत, कल्पना करवणार नाही इतक्या थंडीत, त्यांचे दोन गर्भ होते. गर्भ म्हणजे सुईच्या टोकावर राहील एवढा ठिपका. आधीचे सगळे आले तसे गेले होते. पाच वेळा आत ठेवले आणि पाचही वेळा, बहुतेकदा पंधरवड्यात, कधी त्याआधीच, आपण होऊन निघून गेले. त्यातल्या एकानं मात्र महिनाभर तग धरला होता, आणि त्याच्यासाठी ती बाकीच्या चौघांपेक्षा जास्त रडली होती. हे दोन शेवटचे. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, की आता पुन्हा इंजेक्शनं टोचून बीजं काढण्यात अर्थ नाही, निघतील तीही चांगली निघणार नाहीत. "तर आता जे हातात आहे ते कसं वापरायचं, एवढंच आपण बघायचं. दोन्ही एकदम ठेवायचे, की एकेक करून. दोन्ही ठेवले म्हणून शक्यता दुप्पट होते असं नाही. आणि तुमच्या पिशवीचं एकदा ऑपरेशन झालंय, जुळं राहिलं तर तिला पेलेल की नाही मी सांगू शकत नाही. माझं मत विचाराल तर एक. पण इतक्या वेळा जमलं नाही म्हटल्यावर दोन ठेवायला मी नाही म्हणणार नाही. निर्णय तुमचा." हे शेवटचं वाक्य तिला पाठ होतं. शिकलीसवरलेली माणसं भार उतरवून ठेवताना हेच वाक्य म्हणतात, आणि तेही किती प्रेमानं म्हणतात.

दर खेपेला डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणायच्या, "या वेळी आपण स्ट्रॅटेजी बदलू." पहिल्या वेळी ताजे आणि तिसऱ्या दिवसाचे ठेवले होते. मग ठरलं की घाई झाली, पाचव्या दिवसापर्यंत बाहेरच वाढवू, जे टिकतील तेच ठेवू. मग ठरलं की शरीर दमलेलं असतं, आधी गोठवू, पिशवीचं अस्तर सावकाश तयार करू आणि मग ठेवू. मग अस्तराचा चिमूटभर तुकडा कुठे तरी दूर तपासायला गेला आणि तिकडून निरोप आला, की बाईंची वेळ इतरांपेक्षा अर्धा दिवस उशिराची आहे. ते ऐकून नवरा कधी नव्हे तो खळखळून हसला होता: "हे मला आधी विचारलं असतं तरी सांगितलं असतं." अर्धा दिवस उशिरानं ठेवलं. तरी नाही. मग औषधं कमी करून, शरीराच्या आपल्या चालीनं. तरी नाही. आणि दवाखान्याची स्ट्रॅटेजी बदलली की घरची बदलायची. घरची सासूबाईंच्या हातात होती. बाई मनानं वाईट नव्हती; दुखणं कुणाचंही असो, त्याला कारण सापडल्याशिवाय तिला घास उतरत नसे, एवढंच. पहिल्यांदा ती म्हणाली, सूनबाई लगेच जिना चढली. दुसऱ्यांदा सूनबाई अंथरुणातच पडून राहिली, तर म्हणाली, फार पडून राहिलीस, रक्त कसं फिरणार? तिसऱ्यांदा सगळ्यांना सांगितलं म्हणून. चौथ्यांदा कुणालाच सांगितलं नाही, निदान सख्ख्या बहिणीला तरी सांगायचं होतंस. पाचव्यांदा, तू टीव्हीवर काहीतरी बघून फार जोरात हसलीस, मी तेव्हाच म्हटलं होतं. तेव्हापासून सूनबाई खरंच जोरात हसत नसे. पटलं म्हणून नाही. पण हसू आलं की आधी पोटाला हात जायचा आणि मग हसण्यात राम उरायचा नाही. आज सकाळी निघताना सासूबाई दारात आल्या आणि काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. नुसत्या तिच्या ओढणीचं टोक सारखं करून आत गेल्या. कारणं संपली की माणूस असा गप्प होतो. त्या गप्प बसण्यानं ती जिना उतरताना जितकी घाबरली तितकी डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानं घाबरली नव्हती.

"काल किती वाजता केलास फोन?" नवऱ्यानं विचारलं. तो पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बसला होता. "जेवणाच्या सुट्टीत," ती म्हणाली. "मी त्यानंतर," तो म्हणाला.

ती जिथे काम करायची तिथे जेवणाची सुट्टी म्हणजे लाल दिवा बंद होणं. छोटासा स्टुडिओ, भिंतींना करड्या रंगाचा फोम, मध्ये काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काका बसत. ती आवाजाची बाई होती. गाण्याच्या, नाटकाच्या आवाजाची नव्हे. फोन लावल्यावर जी बाई 'आपण रांगेत आहात' म्हणते ती, लिफ्टमध्ये मजला सांगते ती, बँकेच्या यंत्रात 'कृपया आपलं कार्ड काढून घ्या' म्हणते ती. शहरात रोज हजारो माणसं तिचं ऐकत आणि तिच्यावर वैतागत. लग्न ठरलं तेव्हा हे कळल्यावर नवऱ्यानं तिचं नाव भोंगा पाडलं होतं, आणि माणसांत असताना चुकून तोंडातून निघालं की कानाच्या पाळ्या लाल करून बसायचा. कामात काका तिला मुलीसारखं वागवत आणि एका बाबतीत मात्र कधी सोडत नसत. वाक्य कितीही छान आलेलं असो, काचेतून बोट वर करून ते म्हणणारच, "झकास. आता एक जादा देऊन ठेव." तो जादाचा टेक पुढे कुणी ऐकतसुद्धा नसे. त्याच्यावर 'राखीव' असं लिहून तो ठेवून दिला जाई. पण तो ठेवून झाल्याशिवाय खोलीतला दिवा विझत नसे, आणि इतक्या वर्षांनी तिच्या हाडात हे भिनलं होतं, की जादाचा हाताशी नसताना दार उघडून बाहेर यायचं नाही. घरात मिठाची पिशवी संपायच्या आत ती दुसरी आणायची. चष्मा एक डोळ्यांवर, एक पर्समध्ये. काल दुपारी काकांनी लाल दिवा बंद केला तेव्हा ती तशीच हेडफोन गळ्यात घालून बसून राहिली, आणि काका बाहेर गेल्यावर तिने फोन लावला. तिला ठरवावं लागलंच नाही. 'एक' हा शब्द आपसूक आला.

आणि आला तो आशेनं आला नव्हता, हे या बाकावर बसल्यावर तिने स्वतःशी कबूल केलं. आजच्या एकाकडून तिला काडीची अपेक्षा नव्हती. पाच वेळा जे झालं ते सहाव्यांदा होईल, रक्त तपासायच्या आदल्या दिवशी कंबर धरेल, आणि ती बाथरूमचं दार लावून थोडा वेळ बसेल. बसायचं स्टूल, समोरची निळी बादली, सगळं ठरलेलं. तिला फक्त त्या दिवसानंतरच्या दिवसाची सोय करून ठेवायची होती. त्या टाकीत एक असेपर्यंत तिला मूल झालं नव्हतं असं नाही, अजून झालं नव्हतं. 'अजून' एवढ्यावर ती दोन वर्षं कामावर जात होती, बहिणीच्या मुलांना कपडे घेत होती, कुणी विचारलं तर "चाललंय" म्हणत होती. दोन्ही एकदम ठेवायचे म्हणजे तो 'अजून' स्वतःच्या हातानं पुसून टाकायचा. मग त्यानंतर जे लांबच लांब पडलेलं असेल त्यात चालायचं कसं, हे तिला खरंच माहीत नव्हतं. आणि हे नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, की म्हणजे तुला मूल नकोय, तुला वाट बघायला हवीय. आणि ते खोटं आहे असं तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"तू दोन का म्हणालास?" तिने विचारलं. त्यानं खांदे उडवले. "म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे." घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत तो काम करायचा. लोकांच्या घरी जायचं, सामान बघायचं, किती मोठी गाडी लागेल ते सांगायचं आणि हलवायच्या दिवशी उभं राहून सगळं चढवून घ्यायचं. त्याच्या हाताखालची माणसं त्याला पाठीमागे 'एकफेरी' म्हणत. कपाट असो, कुंड्या असोत, म्हातारीचा पलंग असो, सगळं एका फेरीत बसलंच पाहिजे हा त्याचा हट्ट. दुसऱ्या फेरीसाठी जे मागे ठेवतात ते मागेच राहतं, असं तो नेहमी म्हणायचा; किल्ली हरवते, घरमालक कुलूप बदलतो, नाही तर माणसांचाच जीव त्यातून उडून जातो. "हे काय सामान आहे का?" ती म्हणाली. "असं मी कुठे म्हटलं?" "मग?" समोर एका नव्या जोडप्याला आत बोलावलं, ती मुलगी घाईघाईत उठताना तिची फाइल सांडली आणि सगळे कागद पसरले. तो उठला, वाकून कागद गोळा करून तिला दिले, परत येऊन बसला. त्याला हे असं काहीतरी करायला मिळालं की बरं वाटायचं. "मला संपवायचंय," तो म्हणाला. इतक्या साध्या आवाजात म्हणाला की तिला ते क्षणभर कागदांबद्दलच वाटलं.

ती त्याच्याकडे वळली. "माझा कंटाळा आलाय का तुला?" हा प्रश्न ती गेली दोन वर्षं तोंडात घोळवत होती आणि तो असा, दवाखान्याच्या बाकावर, समोर टीव्हीतली बाई काकडी चिरत असताना बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. "तुझा नाही गं," तो म्हणाला, "या सगळ्याचा. घरी आलो ना, कुलूप उघडलं, की वाटतं आतसुद्धा एक काउंटर आहे. आई खुर्चीत बसलीय, तू खिडकीशी उभी आहेस, आणि सगळे आपापल्या नंबरची वाट बघताहेत. कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही. झालं तर झालं. नाही तर नाही. पण कुणीतरी दार उघडून सांगू दे की जा आता घरी." मग तो एकदम कसंनुसं हसला. "आणि तुला सांगतो, काल तो फोन करणं म्हणजे महाकर्मकठीण. लावला की आधी तूच."

ती समजली. या दवाखान्याच्या फोनवर तिचाच आवाज होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काकांकडे कुठल्याशा कंपनीसाठी तिने तसली वाक्यं दिवसभर बसून दिली होती, आणि ती कंपनी ती कुठे कुठे विकत होती कोण जाणे. पहिल्यांदा इथे फोन लावला तेव्हा दोघं फोनला कान लावून पोट धरून हसली होती. 'कृपया थोडी प्रतीक्षा करा. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.' काय तो आवाज! काका काचेतून सांगत होते, "थोडं हसून बोल, ऐकणाऱ्याला दात दिसले पाहिजेत," आणि तिला तेव्हा हसून बोलायला काहीच कष्ट पडत नव्हते. नंतर नंतर दवाखान्याला फोन करायची वेळ आली, की ती फोन कानापासून लांब धरायची. त्या बाईचा तिला राग येत असे. त्या बाईला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"तीन वेळा ठेवून दिला फोन," नवरा म्हणाला. "तू म्हणायचीस थांबा, की माझा हात खाली. म्हटलं, हिच्या पाठीमागे हे करतोय आणि हीच मला अगदी प्रेमानं थांबवून धरतेय. गोडाऊनच्या मागे उभा होतो. पोरं बघत होती की साहेब एकटेच काय बोलताहेत. मी तुला म्हणत होतो, सॉरी भोंगा." त्यानं तळहातांनी तोंड पुसलं, मग केसही मागे सारले. तिला त्याच्या कानामागे पांढरे झालेले केस दिसले. हे कधी झाले? रोज इंजेक्शन देताना तो तिच्या मागे असायचा; तिनं त्याला मागून बघितलंच नव्हतं किती दिवसांत. तिला त्याची दया आली आणि दयेबरोबर माया आली, आणि तिला वाटलं की उठावं, काउंटरवर जावं आणि दोन म्हणून टाकावं. होऊ दे एकदाचं याच्या मनासारखं. ती उठणार तोच तो उठला. चार पावलं गेला आणि काउंटरच्या मुलीला मोठ्यानं म्हणाला, "एकच काढायला सांगा. मॅडम सांगताहेत तसं." आणि परत येऊन बसला. "तुझ्या अंगाला सोसायचंय सगळं," तो म्हणाला, "तुझं ऐकायचं." जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट तिला हरल्यासारखं वाटलं, आणि दमल्यासारखं, आणि आता पाणी बेताबेतानं प्यायला हवं होतं हेही आठवलं.

मग बसणं. त्यांना हे काम चांगलं जमत होतं. त्यानं डोळे मिटले. तिने करंगळी स्पंजमध्ये घातली. आत आता लॅबमधला माणूस चिमट्यानं नळी उचलत असेल, पाण्यात धरत असेल, तासाभरात ठिपका फुलेल, यंत्रावर चांदणीसारखा दिसेल, डॉक्टरीणबाई म्हणतील, "बघा, किती छान ग्रेड आहे." पाचही वेळा त्या हेच म्हणाल्या होत्या. आणि टाकीत मागे एक. तिनं मनातल्या मनात त्याच्यावर 'राखीव' लिहून टाकलं आणि तिला जरा हायसं वाटलं.

दार उघडलं तेव्हा आत बोलवायची वेळ झाली नव्हती. लॅबवाला स्वतःच बाहेर आला होता. इतक्या वर्षांत तिनं त्याला हिरवी टोपी आणि तोंडावरचा मास्क यांच्या मधल्या पट्टीएवढाच पाहिला होता. आता त्यानं मास्क हनुवटीवर ओढला होता आणि त्याला चांगली जाड मिशी होती. तो त्यांच्या बाकाशी येऊन उभा राहिला. बसलेल्या माणसांशी उभ्यानं बोलणं त्याला बरं वाटेना, म्हणून जरा वाकला.

"ताई, जो काढला तो टिकला नाही."

"म्हणजे?"

"बाहेर आल्यावर तो हळूहळू फुलायला लागतो. हा नाही फुलला. मी थांबलो बराच वेळ. पण नाही."

"काही चुकलं का?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्या विचारण्यात आरोप नव्हता, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरही रागाचं काही उमटलं नाही. "चुकलं नाही, सर. काही काही गोठवतानाच आतल्या आत गेलेले असतात. टाकीत बघून कळत नाही. बाहेर काढल्याशिवाय कळतच नाही."

"म्हणजे तो दोन वर्षं तसाच..." ती म्हणाली.

"असू शकतं, ताई." मग त्यानं विचारलं, "आता दुसरा काढू का? अस्तर आज तयार आहे, आज ठेवता येईल. नको असेल तर तो राहू दे, पुढच्या वेळी बघू. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला विचारून ये."

तिला रडू आलं नाही. एक प्रकारचा गारवा मात्र अंगातून फिरला. दोन वर्षं, सकाळी फोमच्या खोलीत बसून अनोळखी माणसांना प्रतीक्षा करा म्हणताना, सासूबाईंचं ऐकून घेताना, बहिणीच्या मुलाला मांडीवरून खाली ठेवताना तिनं ज्याचा आधार धरला होता तो कदाचित पहिल्या दिवसापासून नव्हताच. आणि हा दुसरा? हाही तिनं असाच न बघता जपला असता. आणखी एक वर्ष, आणखी दोन वर्षं, त्याच्या नुसत्या असण्यावर जगत; आणि तो आहे की नाही हे न विचारण्याचीच तिनं एवढी काळजी घेतली असती. तिला आपली स्वतःचीच कीव आली.

"राहू दे," नवरा पटकन म्हणाला. "दुसऱ्याला हात नका लावू. आज नको." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो फिकट झाला होता. "तुला तर संपवायचं होतं," ती म्हणाली. "होतं," तो म्हणाला, "पण असं नाही. असं नाही गं. तो एक तरी राहू दे ना तुझ्याकडे." बाकाच्या कडेवर त्याचा हात होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आशा जी काय ती आपल्याच वाट्याला आलीय आणि हा आपला सामान मोजायला सोबत येतो. मूर्ख. दोघंही मूर्ख. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि लॅबवाल्याला म्हणाली, "काढा."

"नक्की ना, ताई?"

"काढा. बघू तरी आहे का."

तो गेला. जाताना मास्क वर ओढला. दार आपोआप हळूहळू बंद झालं. पलीकडच्या खुर्चीतली एक जुनी बाई त्यांच्याकडे पाहत होती, तिनं नजर वळवली; त्यात उद्धटपणा नव्हता, ओळख होती. नवऱ्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "आणि हाही नसला तर?"

"तर घरी जाऊ."

"घरी काय आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग ते ऐकून तोच दचकला.

तिनं घर डोळ्यांपुढे आणलं. दोन खोल्या, एक गॅलरी, खुर्चीत बसलेली म्हातारी, जिला आता कारण सापडत नव्हतं. मुलासाठी म्हणून रिकामा ठेवलेला आणि मग इस्त्रीच्या कपड्यांनी भरलेला कोपरा. हे सगळं तिनं इतकी वर्षं एखाद्या फलाटासारखं वापरलं होतं. "आहोत की आपण," ती म्हणाली. मोठं काही सांगितलं असं तिला वाटलं नाही. पण त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तीही नजर न चुकवता बघत राहिली. मग ते बसून राहिले, आणि यावेळचं बसणं नेहमीपेक्षा फार अवघड होतं.

नर्स दार उघडून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं खूण केली. "चला ताई," ती म्हणाली, "जिवंत आहे."

हा शब्द या इमारतीत कुणी कधी वापरला नव्हता. इथे ग्रेड असत, टक्केवारी असे, शक्यता असे. ती उठायला गेली आणि तिनं बाकाची कड धरली. नवऱ्यानं दंडाला धरलं. काय होतंय ते तिला कळेना, मग कळलं. तिला भीती वाटत होती. मागच्या कितीतरी खेपांना ती आत चालत गेली होती ती नुसती दमून, आणि दमलेल्या माणसाला एक बरं असतं, त्याला कशाची भीती उरत नाही. आता पायांत, तळहातांत, कानांच्या मागे, सगळीकडे भीती होती, पहिल्यांदा आली होती तेव्हासारखी.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मला पण," तो म्हणाला. मग दोघं आत गेली.